व्हाइट-नोज सिंड्रोम

व्हाइट-नोज सिंड्रोम हा शीतनिद्रा घेणाऱ्या वटवाघळांना होणारा बुरशीजन्य रोग आहे. स्यूडोजिम्नोॲस्कस डिस्ट्रक्टन्स ही थंड व दमट जागी वाढणारी बुरशी या रोगाला कारणीभूत ठरते. रोगग्रस्त वटवाघळाच्या नाकाभोवती, कानांवर आणि पंखांवर पांढरी, पिठासारखी बुरशी दिसते. त्यावरून रोगाला हे नाव मिळाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू यॉर्क राज्यात २००६ साली या रोगाचा पहिला पुरावा नोंदवला गेला. त्यानंतर तो उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागात पसरला आणि त्याने लक्षावधी वटवाघळांचा बळी घेतला. वन्य सस्तन प्राण्यांमधील ज्ञात साथींपैकी ही अत्यंत विनाशकारी साथ मानली जाते.

ही बुरशी युरोप व आशियातही आढळते; मात्र तेथील वटवाघळांमध्ये तिच्यामुळे सामूहिक मृत्यू झालेले नाहीत. बुरशी मुळात युरेशियातील असून ती मानवी वाहतुकीतून उत्तर अमेरिकेत पोहोचली असावी, असे बहुतेक संशोधक मानतात. हा रोग माणसाला होत नाही.

वटवाघळांची शीतनिद्रा

समशीतोष्ण प्रदेशातील कीटकभक्षी वटवाघळांना हिवाळ्यात अन्न मिळत नाही. काही जाती अशा वेळी उबदार प्रदेशाकडे स्थलांतर करतात, तर काही जाती गुहा, जुन्या खाणी आणि बोगद्यांमध्ये शीतनिद्रा घेतात. शीतनिद्रेत त्यांच्या शरीराचे तापमान गुहेतील हवेच्या तापमानाच्या जवळपास उतरते. एरवी मिनिटाला शेकड्यांनी पडणारे हृदयाचे ठोके दहा-वीसपर्यंत खाली येतात. श्वसन आणि पचन मंदावते, तसेच रोगप्रतिकारशक्तीही जवळजवळ थंडावते.

ही झोप सलग नसते. साधारणपणे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने वटवाघूळ थोडा वेळ जागे होते, प्रसंगी पाणी पिते आणि पुन्हा सुप्तावस्थेत जाते. जागे होताना त्याला स्वतःचे शरीर थंडगार अवस्थेपासून नेहमीच्या तापमानापर्यंत तापवावे लागते. शरद ऋतूत साठवलेल्या चरबीचा बहुतांश भाग अशा मोजक्या वेळच्या जागेपणातच खर्च होतो. सुमारे पाच ते चौदा ग्रॅम वजनाच्या लहान तपकिरी वटवाघळाकडे संपूर्ण हिवाळा काढण्यासाठी केवळ काही ग्रॅम चरबी असते. त्यामुळे वाजवीपेक्षा जास्त वेळा जाग आल्यास वसंत ऋतू येण्यापूर्वीच ही शिदोरी संपते. व्हाइट-नोज सिंड्रोम प्राणघातक ठरतो तो प्रामुख्याने याच कारणाने.

रोगाचा शोध

न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी हिच्या पश्चिमेस असलेल्या हाउज गुहेत १६ फेब्रुवारी २००६ रोजी एका हौशी गुहाभ्रमणकाराने काढलेल्या छायाचित्रात नाकावर पांढरी बुरशी असलेली वटवाघळे दिसतात. हा या रोगाचा उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुना ज्ञात पुरावा होय. छायाचित्राचे महत्त्व त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. पुढील हिवाळ्यात, २००७ च्या सुरुवातीस, राज्याच्या पर्यावरण संवर्धन विभागातील जीवशास्त्रज्ञांना ऑल्बनीजवळच्या काही गुहांमध्ये वटवाघळांचे खच पडलेले आढळले. भर हिवाळ्यात, दिवसाउजेडी, बर्फाळ हवेत वटवाघळे उडताना दिसत असल्याच्या नोंदीही याच सुमारास झाल्या.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील राष्ट्रीय वन्यजीव आरोग्य केंद्र आणि इतर संस्थांनी मृत वटवाघळांची तपासणी केली. त्यांच्या त्वचेत शिरलेली बुरशी पूर्वी वर्णन न झालेल्या जातीची असल्याचे त्यातून दिसून आले. २००९ मध्ये तिचे जिओमायसीस डिस्ट्रक्टन्स असे नामकरण झाले. लॅटिन भाषेत ‘डिस्ट्रक्टन्स’ या शब्दाचा अर्थ ‘विनाश करणारी’ असा आहे. आनुवंशिक अभ्यासानंतर २०१३ मध्ये तिचा समावेश स्यूडोजिम्नोॲस्कस या प्रजातीत करण्यात आला.

बुरशी हेच मृत्यूचे मूळ कारण आहे, की दुसऱ्या एखाद्या आजाराने दुबळ्या झालेल्या प्राण्यांवर ती नंतर वाढते, याबद्दल सुरुवातीला मतभेद होते. निरोगी लहान तपकिरी वटवाघळांना प्रयोगशाळेत या बुरशीचा संसर्ग केल्यावर त्यांच्यात रोगाची सर्व वैशिष्ट्ये दिसून आली. संसर्ग झालेल्या वटवाघळाच्या स्पर्शातून रोग दुसऱ्याकडे जातो, हेही याच प्रयोगात सिद्ध झाले. हे निष्कर्ष २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर कारणाविषयीचा वाद मिटला.

रोगकारक बुरशी

स्यूडोजिम्नोॲस्कस डिस्ट्रक्टन्स ही शीतप्रिय बुरशी आहे. तिची वाढ साधारण १२.५ ते १५.८ अंश सेल्सिअस तापमानात सर्वांत जोमाने होते आणि २० अंशांच्या आसपास ती थांबते. जागे असलेल्या वटवाघळाच्या किंवा माणसाच्या शरीराच्या तापमानात ती वाढू शकत नाही. शीतनिद्रेत मात्र वटवाघळाचे शरीरच गुहेइतके थंड होते आणि बुरशीला योग्य अशी जागा मिळते. उन्हाळ्यात शरीर उबदार झाले की संसर्ग ओसरतो. शरद ऋतूत वटवाघळे गुहांकडे परतली की तो पुन्हा सुरू होतो.

जगण्यासाठी या बुरशीला सतत वटवाघळांची गरज नसते. तिचे बीजाणू गुहेतील माती, भिंती व छत यांवर अनेक वर्षे टिकून राहतात. म्हणून वसाहत पूर्ण नष्ट झाल्यानंतरही ती गुहा रोगाचे आगर राहते आणि तेथे नव्याने येणाऱ्या वटवाघळांना संसर्ग होऊ शकतो.

रोगाची प्रक्रिया आणि लक्षणे

बुरशीचे तंतू त्वचेच्या वरच्या थरावरच न थांबता आत शिरतात. नाक व कानांप्रमाणेच पंखांच्या पातळ पडद्यावर त्यांचा विशेष परिणाम होतो. हा पडदा केवळ उडण्यासाठी नसतो. शरीरातील पाण्याचे व क्षारांचे संतुलन, वायूंची देवाणघेवाण आणि रक्ताभिसरण यांतही त्याचा वाटा असतो. पडद्याची झीज झाल्याने शरीरातील पाणी कमी होते व क्षारांचे संतुलन बिघडते.

रोगग्रस्त वटवाघळे शीतनिद्रेतून निरोगी वटवाघळांपेक्षा कितीतरी अधिक वेळा जागी होतात. त्वचेची जळजळ, तहान आणि क्षारांचा असमतोल ही त्यामागची संभाव्य कारणे मानली जातात. प्रत्येक जागेपणात चरबी खर्च होते. अखेरीस उपासमार झालेली वटवाघळे पाणी व अन्न यांच्या शोधात गुहेबाहेर पडतात. पण बाहेर कीटक नसतात आणि थंडी कडाक्याची असते. त्यामुळे अनेकदा मृत वटवाघळे गुहेच्या तोंडाशी बर्फावर पडलेली सापडतात.

रोगाची प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत:

• नाकाभोवती, कानांवर किंवा पंखांवर दिसणारी पांढरी बुरशी
• हिवाळ्यात दिवसा उडणे
• गुहेच्या आतील नेहमीच्या जागा सोडून तोंडाजवळच्या थंड भागात गोळा होणे
• शरीरातील चरबी संपून आलेला अशक्तपणा
• पंखांच्या पडद्यावरील व्रण, छिद्रे आणि चिकटलेल्या घड्या

पांढरी बुरशी नेहमीच डोळ्यांना दिसते असे नाही. जागे झालेले वटवाघूळ अंग चाटून ती काढून टाकते. पंखावर दीर्घ तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकल्यास बाधित ठिकाणे नारिंगी-पिवळी चमकतात. प्राण्याला न मारता तपासणी करण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते. त्वचेवरून घेतलेल्या नमुन्यातील बुरशीच्या डीएनएची चाचणीही केली जाते. मात्र निश्चित निदानासाठी ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते.

हिवाळ्यातून वाचलेल्या सर्वच वटवाघळांचा धोका लगेच टळत नाही. वसंत ऋतूत शरीर उबदार झाल्यावर रोगप्रतिकारशक्ती एकदम कार्यरत होते आणि बाधित पंखांवर तीव्र दाह होऊ शकतो. काही वटवाघळे या दाहामुळे दगावतात.

उगम

२००९ मध्ये फ्रान्समधील एका मोठ्या मूषककर्णी वटवाघळावर हीच बुरशी आढळली. त्यानंतर युरोपातील अनेक देशांत आणि पुढे चीनमध्येही ती असल्याचे स्पष्ट झाले. तेथील वटवाघळांना संसर्ग होतो, त्यांच्या त्वचेवर व्रणही दिसतात. तथापि उत्तर अमेरिकेसारखी जीवितहानी होत नाही. फ्रान्समध्ये १९१८ साली गोळा करून संग्रहालयात जतन केलेल्या एका वटवाघळावरही या बुरशीचा आनुवंशिक पुरावा मिळाला आहे. उत्तर अमेरिकेत रोग दिसण्याच्या कित्येक दशके आधी ती युरोपात होती, हे त्यावरून सिद्ध होते.

युरोपातून व अमेरिकेतून मिळवलेल्या बुरशीने अमेरिकी लहान तपकिरी वटवाघळांना संसर्ग करून पाहिला असता दोन्हींमुळे सारखाच प्राणघातक रोग झाला. म्हणजे अमेरिकेत बुरशी अधिक घातक झाली असे नसून, तेथील वटवाघळांना ती अपरिचित होती. आनुवंशिक पुरावाही याला दुजोरा देतो: युरोपातील बुरशीत बरीच विविधता आहे, तर उत्तर अमेरिकेतील नमुने एकाच वाणाची पिलावळ असल्यासारखे परस्परांशी जुळतात. बुरशी अमेरिकेत बहुधा एकदाच आणि अलीकडेच आली, असा याचा अर्थ लावला जातो. वटवाघळे स्वतः अटलांटिक महासागर ओलांडून जात नाहीत. त्यामुळे कोणाच्या तरी बुटांना, कपड्यांना किंवा दोरांना चिकटलेल्या मातीतून बीजाणू गेले असावेत, असा तर्क केला जातो.

प्रसार

पहिल्या दोन वर्षांत रोग न्यू यॉर्कमधून व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट या शेजारच्या राज्यांत पोहोचला. त्यानंतर ॲपलाशियन पर्वतरांगांच्या गुहामय प्रदेशातून तो दक्षिणेकडे व पश्चिमेकडे सरकत गेला. २०१० मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ व क्वेबेक प्रांतांत त्याची नोंद झाली. जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहाप्रणाली असलेल्या केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यानात तो २०१३ मध्ये आढळला.

रोगाचा मुख्य प्रसार वटवाघळांच्या परस्पर स्पर्शातून होतो. शरद ऋतूत मीलनासाठी अनेक वसाहतींमधील वटवाघळे गुहांच्या तोंडाशी एकत्र येतात. हा काळ संसर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. माणसाकरवी दूरवर प्रसार होण्याची शक्यताही गृहीत धरली जाते. मार्च २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील नॉर्थ बेंडजवळ पदभ्रमण करणाऱ्यांना एक आजारी लहान तपकिरी वटवाघूळ सापडले. तोपर्यंतच्या सर्वांत पश्चिमेकडील नोंदीपासून हे ठिकाण सुमारे २,१०० किलोमीटर दूर होते. ते वटवाघूळ पश्चिमेकडील स्थानिक उपजातीचे होते, तर त्याच्यावरील बुरशी पूर्वेकडील वाणाशी जुळणारी होती.

टेक्सासमध्ये बुरशी २०१७ मध्ये आणि प्रत्यक्ष रोग २०२० मध्ये आढळला. संयुक्त संस्थानांतील पस्तीसहून अधिक राज्ये आणि कॅनडाचे बहुतेक प्रांत आता बाधित आहेत.

वटवाघळांच्या संख्येवरील परिणाम

अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने जानेवारी २०१२ मध्ये मृत वटवाघळांची संख्या ५७ ते ६७ लाख असावी असा अंदाज जाहीर केला. पूर्वेकडील पाच राज्यांतील ४२ शीतनिद्रास्थळांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा जातींची एकत्रित घट ८८ टक्के आढळली. जातीनुसार घट पुढीलप्रमाणे होती:

• उत्तरी लांबकानी वटवाघूळ (मायोटिस सेप्टेंट्रिओनॅलिस): ९८ टक्के
• लहान तपकिरी वटवाघूळ (मायोटिस ल्युसिफ्यूगस): ९१ टक्के
• तिरंगी वटवाघूळ (पेरिमायोटिस सबफ्लेव्हस): ७५ टक्के
• इंडियाना वटवाघूळ (मायोटिस सोडॅलिस): ७२ टक्के
• मोठे तपकिरी वटवाघूळ (एप्टेसिकस फस्कस): ४१ टक्के
• पूर्वेकडील लघुपाद वटवाघूळ (मायोटिस लिबी): १२ टक्के

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक व्यापक अभ्यासात २७ राज्ये आणि कॅनडाचे दोन प्रांत यांतील दोनशेहून अधिक शीतनिद्रास्थळांच्या नोंदी तपासण्यात आल्या. उत्तरी लांबकानी, लहान तपकिरी आणि तिरंगी या तीन जातींची संख्या दहा वर्षांहून कमी काळात ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यात दिसून आले.

जातींमधील या फरकाला अनेक कारणे आहेत. मोठे तपकिरी वटवाघूळ आकाराने मोठे असून तुलनेने थंड व कोरड्या जागा निवडते. तिरंगी वटवाघूळ उबदार, अतिशय दमट जागी दीर्घकाळ सुप्त राहते आणि त्यामुळे बुरशीला अधिक वाव मिळतो.

झालेली हानी भरून निघण्याचा वेग अत्यंत कमी आहे. आकाराने उंदराएवढे असूनही वटवाघूळ उंदरासारखे झपाट्याने वाढत नाही. लहान तपकिरी वटवाघळाच्या मादीला वर्षातून एकच पिल्लू होते. याउलट त्याचे आयुष्य मोठे असते. या जातीतील एक नर ३४ वर्षे जगल्याची नोंद आहे. दीर्घायुष्य आणि अल्प प्रजनन हा समतोल एरवी जातीला तारून नेतो. परंतु प्रौढ प्राणीच मोठ्या संख्येने मेल्यास वसाहत पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात.

शेती आणि मानवी आरोग्यावरील परिणाम

उत्तर अमेरिकेतील बाधित वटवाघळे कीटकभक्षी आहेत. पिलाला दूध पाजणारी लहान तपकिरी मादी एका रात्रीत जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके कीटक खाऊ शकते. पिकांवरील अळ्यांचे पतंग, भुंगेरे आणि ढेकण्या हे अनेक जातींचे खाद्य आहे. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात अमेरिकी शेतीला वटवाघळांपासून होणारा लाभ वर्षाला सुमारे २२.९ अब्ज डॉलर असावा, असा अंदाज मांडण्यात आला. हिशेबाची गृहीतके बदलल्यास हा आकडा ३.७ ते ५३ अब्ज डॉलरपर्यंत बदलतो, असेही त्यात नमूद होते.

२०२४ मध्ये शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक यांनी ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोग पोहोचलेल्या आणि न पोहोचलेल्या काउंटींची तुलना केली. वटवाघळे नाहीशी झाल्यावर शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला. त्याच काउंटींमध्ये अपघात व हत्या वगळता अन्य कारणांनी होणारे अर्भकमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हा निष्कर्ष सांख्यिकीय तुलनेवर आधारित आहे. वन्यजीवांच्या ऱ्हासाची किंमत माणसाला अनपेक्षित मार्गाने मोजावी लागते, याचे उदाहरण म्हणून या अभ्यासाकडे पाहिले जाते.

नियंत्रण आणि संवर्धन

प्रसार रोखण्याचे उपाय

मार्च २००९ मध्ये मत्स्य व वन्यजीव सेवेने बाधित व लगतच्या राज्यांतील गुहांमध्ये स्वेच्छेने न जाण्याचे आवाहन केले. अनेक सार्वजनिक गुहा व खाणी बंद करण्यात आल्या. हौशी गुहाभ्रमणकारांच्या काही संघटनांनी या बंदीवर आक्षेप घेतला. प्रसार मुख्यतः वटवाघळांकडूनच होत असताना सरसकट बंदीचा लाभ मर्यादित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरीकडे, गुहांमधील बदल सर्वप्रथम याच मंडळींच्या नजरेस पडत असल्याने अनेक ठिकाणी त्यांनी गणना व स्वच्छतेच्या कामात भागही घेतला.

गुहेत जाणाऱ्यांसाठी निर्जंतुकीकरणाची नियमावली तयार करण्यात आली. साहित्यावरील माती घासून काढणे, ते किमान ५५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २० मिनिटे बुडवून ठेवणे आणि बाधित प्रदेशातील साहित्य अन्यत्र न नेणे, हे त्यातील मुख्य नियम आहेत. मॅमथ केव्ह येथे पर्यटकांना बाहेर पडताना जंतुनाशक द्रावणाने भिजवलेल्या चटयांवरून चालावे लागते. बाधित वसाहती नष्ट करून साथ थोपवण्याची कल्पनाही तपासली गेली. परंतु गणिती प्रारूपांनुसार ती निष्फळ ठरेल असे दिसल्याने मागे पडली.

कायदेशीर संरक्षण

कॅनडाने डिसेंबर २०१४ मध्ये लहान तपकिरी, उत्तरी लांबकानी व तिरंगी या तीन वटवाघळांना संकटग्रस्त जातींच्या यादीत तातडीने समाविष्ट केले. संयुक्त संस्थानांत उत्तरी लांबकानी वटवाघळाला २०१५ मध्ये ‘धोक्यात आलेली’ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याहून गंभीर अशा ‘संकटग्रस्त’ जातीचा दर्जा देण्यात आला. त्याच वर्षी तिरंगी वटवाघळालाही हा दर्जा देण्याचा प्रस्ताव मांडला गेला. इंडियाना वटवाघूळ १९६७ पासूनच संकटग्रस्त मानले जात होते. साथ येण्यापूर्वी त्याची संख्या सावरू लागली होती.

उपचारांचे प्रयोग

बुरशीनाशक औषधे उपलब्ध असली तरी ती गुहेत फवारणे सोपे नाही. गुहांमध्ये इतरत्र न आढळणारे अनेक सूक्ष्मजीव, बुरशी व कीटक असतात. सरसकट फवारणीने त्यांचाही नाश होऊ शकतो. म्हणून केवळ रोगकारक बुरशीवर परिणाम करणाऱ्या उपायांचा शोध घेतला जात आहे.

• जिवाणूंचा वापर: ऱ्होडोकॉकस ऱ्होडोक्रस या जिवाणूपासून निघणाऱ्या बाष्पशील संयुगांमुळे बुरशीची वाढ थांबते. या पद्धतीने उपचार केलेली काही वटवाघळे मे २०१५ मध्ये मिसूरी राज्यातील हॅनिबल येथे मुक्त करण्यात आली. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या दुसऱ्या जिवाणूच्या क्षेत्रीय प्रयोगात उपचारित वटवाघळे अधिक संख्येने जगली.
• अतिनील प्रकाश: या बुरशीत डीएनए दुरुस्त करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचा अभाव असल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. त्यामुळे अल्पकाळ अतिनील प्रकाश पडला तरी ती मोठ्या प्रमाणात मरते.
• लस: रकून प्राण्यातील देवीसदृश विषाणूचा वाहक म्हणून वापर करून लस तयार करण्यात आली आहे. प्रयोगशाळेतील प्रारंभिक निष्कर्ष आशादायक आहेत.

अधिवासातील बदल

टेनेसी राज्यात द नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने २०१२ मध्ये जमिनीखाली एक कृत्रिम गुहा बांधली. वटवाघळे उन्हाळ्यात बाहेर गेल्यावर ती धुऊन निर्जंतुक करता यावी, हा त्यामागील हेतू होता. नैसर्गिक गुहेत असे करणे शक्य नसते. पेनसिल्व्हेनियात काही जुन्या खाणींमध्ये हवेचा प्रवाह बदलून आतील तापमान कमी करण्याचे प्रयोग झाले. थंड जागी बुरशी सावकाश वाढते आणि वटवाघळे जगण्याची शक्यता वाढते. परंतु २०२१ मधील एका अभ्यासानुसार अनेक वटवाघळे अजूनही उबदार जागाच पसंत करतात. पूर्वी हितकारक असलेली ही सवय साथीनंतर त्यांच्यासाठी सापळा ठरली आहे.

संशोधनातील अडचणी

या रोगाच्या अभ्यासातच एक पेच आहे. वटवाघळे मोजण्यासाठी हिवाळ्यात गुहेत जावे लागते. पण माणसाचा आवाज, प्रकाश व उष्णता यांमुळे ती जागी होतात आणि आधीच अपुरी असलेली चरबी खर्च करतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी गणना दरवर्षी न करता एक वर्षाआड केली जाते. ध्वनिग्राहक यंत्रांनी वटवाघळांचे श्राव्यातीत आवाज टिपणे, उन्हाळी वसाहतींतून बाहेर पडणारे प्राणी मोजणे आणि गुहेतील मातीचे नमुने तपासणे अशा कमी त्रासदायक पद्धती वापरात आल्या आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उत्तर अमेरिकी वटवाघूळ निरीक्षण कार्यक्रमातून विविध राज्यांच्या नोंदी एकत्र केल्या जातात.

२०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत उलट दिशेचा धोका पुढे आला. संशोधकांकडून कोरोना विषाणू उत्तर अमेरिकी वटवाघळांमध्ये शिरू नये म्हणून वटवाघळे हाताळण्याची कामे काही काळ स्थगित ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. पुढे मुखपट्टी व हातमोजे यांविषयीचे नियम कडक करून कामे सुरू झाली.

टिकून राहिलेल्या वसाहती

२०१० मध्ये वर्तवलेल्या एका अंदाजानुसार ईशान्य अमेरिकेतून लहान तपकिरी वटवाघूळ १६ वर्षांच्या आत नाहीसे होण्याची शक्यता ९९ टक्के होती. प्रत्यक्षात मात्र सर्वप्रथम बाधित झालेल्या प्रदेशातही काही वसाहती टिकून आहेत. न्यू यॉर्कमधील फोर्ट ड्रम येथे खुणेची कडी घातलेल्या माद्या साथीनंतरही वर्षानुवर्षे परत येताना व पिलांना जन्म देताना आढळल्या.

ही वटवाघळे का वाचली, हा सध्याच्या संशोधनातील मध्यवर्ती प्रश्न आहे. काही ठिकाणी वाचलेली वटवाघळे हिवाळ्याच्या प्रारंभी पूर्वीपेक्षा अधिक चरबी साठवताना दिसली. काही वसाहतींमध्ये त्यांच्या अंगावरील बुरशीची वाढ मर्यादित राहते. वाचलेल्या व मृत वटवाघळांच्या जनुकांच्या तुलनेत चयापचय आणि शीतनिद्रा यांच्याशी संबंधित काही जनुकांत फरक आढळले आहेत. नैसर्गिक निवडीमुळे रोगाला तोंड देऊ शकणारे प्राणी हळूहळू वाढत असावेत, असे यावरून सूचित होते.

त्यामुळे संवर्धनाचा भर आता बुरशीच्या उच्चाटनाऐवजी वाचलेल्या प्राण्यांच्या रक्षणावर आहे. शीतनिद्रास्थळांची शांतता राखणे, प्रजननाच्या वसाहती असलेली जुनी झाडे व इमारती सांभाळणे, शरद ऋतूत गुहांच्या परिसरात पुरेसे कीटक उपलब्ध राहतील असे पाहणे आणि पवनचक्क्यांमुळे होणारे मृत्यू कमी करणे यांचा त्यात समावेश होतो. वर्षाला एकच पिल्लू देणाऱ्या जातीच्या लहान वसाहतीत प्रत्येक प्रौढ मादीचे जगणे निर्णायक ठरते.